मधला रकाना

मॅडम, परवा तुमचे यजमान मला भेटले. दुबईहून आले नव्हते. आमच्याच सोसायटीच्या चौथ्या मजल्यावरून लिफ्टनं खाली आले होते. हातात काठी, अंगात हाफ स्वेटर, आणि मला म्हणाले, "आमचंही नाव घाला हो त्यात." मी घालायला घेतलं आणि माझी बोटं जागच्या जागी थांबली. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. ज्यांच्याशी याबद्दल कडाकडा भांडायला हवं त्या तुम्ही, आणि तुम्ही तर कधीच्या गेलात. म्हणून कागद घेऊन बसलेय.

झालं असं, की सोसायटीनं नवं अ‍ॅप घेतलंय. कोण आलं, कोण गेलं, टँकर आला की नाही, सगळं आता फोनवर. ज्येष्ठ मंडळींना ते जमेना, तेव्हा सेक्रेटरींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तुम्ही कॉम्प्युटरमधल्या ना? मग तुम्हीच बसा." कॉम्प्युटरमधला माणूस म्हणजे कोथरूडच्या सोसायट्यांना मिळालेला बिनपगारी कारकून, हे तुमच्या काळात सुरू झालं आणि अजून तसंच आहे. शनिवारी सकाळी मी क्लब हाउसमध्ये टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसले आणि एकेकाला विचारून भरत गेले. नाव, मधलं नाव, आडनाव. तीन रकाने, आपल्याच क्रमानं. हे गृहस्थ मुलाकडे नुकतेच राहायला आलेले. त्यांनी जुन्या पद्धतीनं आधी आडनाव सांगितलं, मग स्वतःचं नाव. ते आडनाव पुण्यात शोधून सापडायचं नाही, आणि तसलं नाव तर आता कुणी ठेवतच नाही. ही जोडी मी आयुष्यात हजारो वेळा टाइप केली होती, मॅडम. फक्त ते नाव पहिल्या रकान्यात कधी टाकलं नव्हतं. कायम मधल्या.

मी तुमच्या हाताखाली कामाला लागले तेव्हा हिंजवडी हे नुसतं गाव होतं. कर्वे रस्त्यावर साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर आपलं ऑफिस. चपला दाराबाहेर काढायच्या, कारण धुळीनं मशीन बिघडतात अशी मालकांची समजूत. पतसंस्था, दवाखाने, कॉलेजं, जो येईल त्याला आपण सॉफ्टवेअर करून द्यायचो, आणि दर वेळी पहिल्यापासून. लांबलचक यादीतून नेमका एक माणूस कसा काढायचा, चुकून पुसलेलं परत कसं आणायचं, दोघांनी एकदमच एक नोंद बदलली तर कुणाचं खरं धरायचं, प्रश्न तेच असायचे. उत्तरं मात्र प्रत्येकाची वेगळी आणि चुका त्याहून वेगळ्या. तुम्ही मला पहिल्याच दिवशी सुनावलंत, "तहान लागली की विहीर खणायची, ही इथली सवय आहे. तू लावून घेऊ नकोस." आणि मग तुमचं ते 'भांडार' दाखवलंत. एकदा नीट सुटलेला प्रश्न उत्तरासकट भांडारात ठेवायचा आणि पुढच्या कामाला तोच साचा उचलायचा. "सोऱ्या एकच, आतली चकती बदलायची. तुझ्या घरी काय चकलीला वेगळा सोऱ्या आणि शेवेला वेगळा असतो का?" मी "हो" म्हणाले, कारण आमच्या घरी खरोखरच दोन होते. सगळं ऑफिस हसलं. तुम्ही नाही हसलात. "मग तुमचं बरं आहे," म्हणालात आणि कामाला लागलात.

भांडाराचे तुमचे नियम मात्र कडक. तीन वेगवेगळ्या कामांत वापरून टिकल्याशिवाय साचा आत यायचा नाही. आणि आत आला की त्याच्याखाली लिहायचंच, तो कुठे वापरू नये. "औषधाच्या बाटलीवर कुणाला देऊ नये ते लिहितात की नाही? मग?" एकदा मी यादीसाठी माझ्या डोक्यातून निघालेली, कुठेच न वापरलेली एक शक्कल गुपचूप भांडारात सारली. मला ती फार हुशारीची वाटत होती. तुम्ही सगळ्यांना बोलावून, सगळ्यांसमोर ती बाहेर काढलीत. "हे सुचलेलं आहे. टिकलेलं नाही. सुचलेलं दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं नसतं." माझे कान तापले, डोळे भरून आले, पण मला ते पटलं. इतकं पटलं की पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी हेच ऐकवत आले, तुमच्याच सुरात.

आणि प्रत्येक साच्यात नमुन्याची नोंद म्हणून पूर्ण नाव तुमचं असायचं. तुमचं, यजमानांचं, आडनाव. काहीही तपासायचं म्हणजे आधी तेच टाइप करायचं, म्हणून तर ते माझ्या बोटांना पाठ. यजमान दुबईला असतात हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी सांगितलं ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी सहा वाजले की तुम्ही पर्स उचलायचात. "घरी फोन यायचा असतो." आम्ही पोरीपोरी म्हणायचो, लांब राहून किती निभावलंय दोघांनी.

नावाचा साचा तुमचा स्वतःचा. तीन रकाने, आणि तिन्ही भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यात काही वावगं आहे असं आपल्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही, कारण आपल्याकडे माणसाच्या मधे बाप नाहीतर नवरा असतोच. मग तो साचा दक्षिणेतल्या एका हॉस्पिटलला गेला. तिकडे मधलं नाव ही भानगडच नाही. मशीन पुढे सरकेना, तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं त्या रकान्यात सरळ 'नो' टाइप करायला सुरुवात केली. बघता बघता तिथले सगळे पेशंट 'नो' नावाच्या एकाच गृहस्थाचे मुलगे, मुली आणि बायका झाले. आम्ही पोट धरून हसलो. मी म्हटलं, मॅडम, तो रकाना रिकामा सोडता येईल असं करू या, एका ओळीचं काम आहे. तुम्ही म्हणालात, "नाही." का, म्हणून विचारलं तर म्हणालात, "रिकामा रकाना दिसला की माणसं विचारतात." मला वाटलं तुम्ही ऑडिटवाल्यांबद्दल बोलताय. शेवटी त्या हॉस्पिटलपुरती वेगळी प्रत काढलीत, पण भांडारातला साचा तसाच ठेवलात. आणि तो कुठे वापरू नये, हे त्या एकाच साच्याखाली तुम्ही कधी लिहिलं नाहीत.

आता तो दिवस आठवते. गणपती होऊन गेलेत, नवरात्र यायचंय, आणि माझा नवरा गणपतींपासून माझ्याशी बोललेला नाही. आरडाओरडा नाही, काही नाही. मी ऑफिसातून आरतीला उशिरा पोचले, एवढं निमित्त. तो जेवतो, पेपर वाचतो, दिवा मालवतो. लग्नाला दोन वर्षंही झालेली नाहीत आणि असे अबोले आधीही होऊन गेलेत. मी मनाशी ठरवलंय की आईकडे, कसबा पेठेत निघून जायचं. जेवणाच्या सुट्टीत आपण दोघीच आहोत आणि मी हे तुम्हाला सांगते. तुम्ही डब्याचं झाकण लावता, परत उघडता, परत लावता. मग माझ्याकडे न बघता म्हणता, "अगं, संसारालाही साचा असतो. हजारो बायकांनी वापरलेला. तू त्यात नवीन काय काढणार आहेस? घरी जा." मी म्हणते, "तो बोलतच नाही हो, मॅडम." तुम्ही म्हणता, "आमचे तर समुद्रापलीकडे आहेत. तरी टिकलंय ना?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरून एक छोटा रेडिओ आणलात. वापरलेला, बटण बोटांनी गुळगुळीत झालेलं. "स्वयंपाकघरात लावून ठेव. ऐकलं नाहीस तरी चालेल. घरात आवाज लागतो." मला भरून आलं होतं. मी घरीच राहिले.

राहिले म्हणजे अशी तशी राहिले नाही, आत्तापर्यंत राहिले. मुलगी झाली, तिला वाढवलं, नोकरी केली, कोथरूडला घर घेतलं. नवरा आता निवृत्त झालाय आणि बोलतो. दुधाच्या पिशव्या किती आणल्या आणि गॅस कधी संपेल यावर भरपूर बोलतो. माणूस वाईट नाही, हे मी कुणालाही सांगेन. पण मधली वर्षं मी कशी ढकलली ते माझं मला ठाऊक. ताटं वाढून समोरासमोर बसायचं आणि भाजीत मीठ कमी आहे का एवढंही त्यानं म्हणायचं नाही. अशा वेळी मी स्वतःला एकच सांगायचे, मॅडमनी निभावलं, मग आपल्याला काय धाड भरलीय?

तुमच्या घरी मी एकदाच आले होते, विश्रांतवाडीला. तुम्हाला ताप होता आणि मी औषधं घेऊन आले होते. दाराबाहेर पुरुषी चपला, मोठ्या, काळ्या, जोडीनं नीट लावलेल्या. मी म्हटलं, "आलेत वाटतं?" तुम्ही म्हणालात, "येऊन गेले." आत रेडिओ चालू होता. तुम्ही मला पाणी दिलंत, पण बस म्हणाला नाहीत. आता मला वाटतं, त्या चपलांचे तळ कोरे होते. पण ते मी तेव्हा खरंच बघितलं की आत्ता रचतेय, मला सांगता यायचं नाही. पुढे तुम्ही गेलात तेव्हा स्मशानात तुमच्या भावानं सांगितलं की यजमानांना तिकडून निघता आलं नाही. आम्ही माना हलवल्या. दुबईच्या लोकांना माणुसकी म्हणून नाही, असं आपल्या अकाउंट्सवाल्यांनी बोलूनही दाखवलं.

तर ते दुबईचे गृहस्थ माझ्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेत आणि मी मूर्खासारखी विचारतेय, "आपण परदेशात होतात ना?" ते म्हणतात, "मी? छे हो. सरकारी नोकरी. लांबात लांब सोलापूर." मग मी तुमचं नाव घेतलं. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "आपण कोण तिच्या?" मी सांगितलं. मागे रांगेत उभ्या असलेल्या बाई खाकरल्या, तेव्हा मी लॅपटॉप अडकलाय म्हणून थाप मारली आणि सगळ्यांना चहाला पिटाळलं.

लग्न झालं, दिवाळसण झाला, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत तुम्ही निघून गेलात. रीतसर घटस्फोट झाला. त्यांनी पुढे दुसरं लग्न केलं. त्या बाई शाळेत शिकवायच्या, आता त्याही नाहीत. हे सगळं त्यांनी मला हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं. "भांडण असं नव्हतं हो आमच्यात," ते म्हणाले. "आमच्या घरात मुळात बोलायची पद्धतच नव्हती. तिनं एकदा विचारलं, तुम्ही दिवसभरात माझ्याशी शब्द किती बोलता? मी म्हटलं, लागतील तेवढे. मला वाटलं, विनोद झाला. सकाळी बघतो तर हिची बॅग भरलेली." आणि मग त्यांनी विचारलं, "कशी असते आता?"

मॅडम, ते मला सांगावं लागलं. त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी पाणी मागितलं आणि हळूहळू सगळा पेला संपवला. मग मी तेही सांगितलं, की तुम्ही शेवटपर्यंत त्यांचंच नाव लावत होतात, आणि किती दवाखान्यांच्या आणि पतसंस्थांच्या मशीनमध्ये ते नाव आम्ही आमच्या हातांनी भरलंय. "माझं?" म्हणाले. "माझं कशाला?" हे मला विचारत होते! मी काय सांगणार, कपाळ? त्यांना लिफ्टपर्यंत पोचवलं आणि टेबलाशी परत आले, तर पुढचं नाव मला दोनदा विचारावं लागलं.

धक्का तुम्ही एकट्या होतात याचा नाही. खोटं बोललात याचाही फारसा नाही. एकट्या बाईला पुण्यात भाड्यानं घर मिळवायचं तर त्या काळात नवरा दुबईला पाठवावाच लागत असेल. पण तोच अबोला, मॅडम! हुबेहूब तोच. त्यातून तुम्ही एका सकाळी बॅग उचलून चालत्या झालात आणि मला त्यातच परत धाडलंत. वर विचारलंत, टिकलंय ना? काय टिकलं होतं? माझी एवढीशी शक्कल चारचौघांत बाहेर काढलीत, आणि स्वतः एकदाही न टिकलेली गोष्ट बिनदिक्कत माझ्या गळ्यात बांधलीत. आयुष्य होतं हो माझं ते. दवाखान्याचं सॉफ्टवेअर नव्हतं. मला इतका राग आलाय की परवा मी भांडी घासता घासता तुमच्याशी मोठ्यानं बोलले, आणि नवऱ्यानं बाहेरून विचारलं, कोण आलंय?

मग कधी वाटतं, बाहेर पडल्यावर तुमचं जे काही झालं ते इतकं वाईट होतं का, की मला तिकडे येऊच द्यायचं नव्हतं? डब्याचं ते झाकण सारखं काढत घालत होतात, तेव्हा खरं सांगायचं चाललं होतं का? आणि मग वाटतं, कसलं काय, बाईंना फक्त आपली गोष्ट सांभाळायची होती, आपल्यासमोर बसलेली पोरगी गेली खड्ड्यात. सकाळी एक खरं वाटतं, दुपारी दुसरं. तुम्ही असतात तर सरळ विचारलं असतं आणि तुम्हीही एका वाक्यात मला गप्प केलं असतंत.

हे आत्ताच इतकं का लागलं, तेही सांगते. माझी मुलगी घरी आलीय. तिच्या नवऱ्यानं कॅनडातली नोकरी पत्करली, तिथलं घर बघितलं, हिनं इथली नोकरी कधी सोडायची तेही ठरवलं, आणि मग एका संध्याकाळी हिला सांगितलं. "विचारलं नाही, आई. कळवलं," म्हणाली. तो पुढच्या महिन्यात जातोय. हिनं बरोबर जायचं की नाही, हे तिला ठरवता येत नाही, आणि ती रोज माझ्या तोंडाकडे बघतेय. मी तिला म्हटलं, माझंही असंच झालं होतं. तर म्हणाली, "नाही गं, तुझं वेगळं. बाबा बोलायचे नाहीत. हा बोलून बोलून सगळं ठरवून टाकतो." तरी माझं वाक्य तयार होतं. तुमचंच. रविवारी सकाळी नवरा मंडईत गेला की सांगायचं, असं मी योजून ठेवलं होतं. आणि शनिवारी तुमचे यजमान लिफ्टनं खाली आले.

रविवारी ती ओट्याशी चहा करत होती. मी सवयीनं सुरुवात केली, "हे बघ, संसारालाही..." ती वळली. "संसारालाही काय?" काही नाही, म्हटलं. "आई, बोल ना. तू तरी बोल." तेव्हा मी तिला तुमची सगळी गोष्ट सांगितली. चहा उतू गेला, तिनं गॅस बंद केला आणि ऐकत राहिली. दुबईचं ऐकून हसली. "भारीच होत्या की," म्हणाली. बॅगेचं ऐकून मात्र हसली नाही. तुम्ही मला घरी परत पाठवलंत, हे मी सांगितलं नाही. ते तिला आत्ता कशाला?

मग तिनं विचारलं, "म्हणजे त्या शेवटपर्यंत एकट्याच राहिल्या?"

"हो."

"बऱ्या राहिल्या का गं? म्हणजे, सुखात?"

सहानंतर तुम्ही काय करायचात, मला माहीत नाही. सणाला कुणाकडे जायचात, आजारपणात उशाशी कोण बसायचं, कधी परत जावंसं वाटलं का, काही म्हणजे काही माहीत नाही. इतकी वर्षं मी तुमच्या शेजारी बसून डबा खाल्ला आणि तुमच्याबद्दल मला तेवढंच ठाऊक होतं जेवढं तुम्ही ठरवलं होतंत. ती हातात ओलं फडकं घेऊन उभी होती. ओटा पुसायचा सोडून नुसती उभी होती. मी म्हणाले, "हो. अगदी छान राहिल्या."

आत्ता मी हे लिहितेय आणि ती आतल्या खोलीत त्याच्याशी फोनवर बोलतेय. ती जाणार नाही, असं सांगतेय. आवाज शांत आहे, रडत नाहीये, त्याला मधे बोलू देतेय आणि मग परत तेच सांगतेय. नवरा मला हळूच विचारून गेला, "तू काही सांगितलंस का तिला?" मी म्हटलं, नाही. हा कागद पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी माझी छाती झाली नसती, कारण उत्तर आलं असतं. मला एवढंच विचारायचंय, तुम्ही राहिलात का हो छान? मला खरंच माहीत नव्हतं, मॅडम. मी ठोकून दिलं.